तीन दांडे आणि दोन हात : उभं उतरणाऱ्या लढाऊ विमानाची गोष्ट

गलबत | शनिवार, रात्री ९:५०

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेलो होतो. घरच्यांना समुद्र हवा होता, मला बोगमाळोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय. तह झाला : दोन दिवस समुद्र, एक सकाळ विमानं. तिथं सी हॅरियर ठेवलंय, आपल्या नौदलाचं जुनं, जागच्या जागी उभं उतरणारं लढाऊ विमान. सातवीतली पुतणी त्याच्या नाकाजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, एवढ्या भारी विमानाला काचेपुढं हे पत्र्याचं पान कशाला?"

भूगोलात वातकुक्कुट शिकतो ना, तेच ते. वारा कुठून येतोय ते दाखवणारं, काचेबाहेर, वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत बसवलेलं. आत रडार, बाहेर क्षेपणास्त्रं आणि मधे हे शेतातल्या बुजगावण्याच्या लायकीचं यंत्र. तिला तिथं जे सांगितलं ते अर्धवट होतं. घरी आल्यावर वाचत बसलो आणि त्यातून हा धागा.

हॅरियरचं पेगासस इंजिन एकच, पण त्याचा झोत चार नॉझलांतून (फिरणाऱ्या नळ्यांतून) बाहेर पडतो, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. नॉझल मागं केली की साधं जेट. खाली केली की झोतावर उभं. ती ९८ अंशांपर्यंत फिरतात, म्हणजे सरळ खाली आणि त्याहून थोडी पुढच्या बाजूलाही, ब्रेक मारल्यासारखी. हवेत स्थिर असताना पंखांवरून वारा वाहत नाही, त्यामुळं शेपटीची आणि पंखांची झडपं नुसती शोभेची. म्हणून इंजिनातली दाबाची हवा नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी नेलेली असते. स्टिक (विमान कलवायचा दांडा) हलवली की तिथून फुसकारे सुटतात. त्यांना पफरच म्हणतात. विमान त्यावर तोल सांभाळतं.

आता वैमानिकाचे हात बघा. उजव्या हातात स्टिक. डाव्या हाताशी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, आणि त्याला अगदी खेटून नॉझलचा दांडा. पायाशी पेडल. दांडे तीन, हात दोन.

नुसत्या संख्येचा प्रश्न असता तर सरावानं सुटला असता. रिक्षावाला एका हातात क्लच, गियर आणि हॉर्न सांभाळतोच की. खरी मेख अशी की विमान हळू होत गेलं की दांड्यांचे *अर्थ* बदलतात. वेगात असताना स्टिक ओढली की नाक वर आणि विमान वर. थ्रॉटल पुढं, वेग वाढला. आता तेच विमान झोतावर उभं आहे. स्टिक ओढली की नाक वर होतं खरं, पण झोतही कलतो आणि विमान मागं सरकायला लागतं, वर जात नाहीच. वर जायचं तर थ्रॉटल. म्हणजे उजव्या हाताचं काम डाव्याकडं गेलं आणि डाव्याचं उजव्याकडं. ही अदलाबदल उतरता उतरता, हवेतच व्हायची. आणि ज्या डाव्या हातानं आता उंची सांभाळायची, त्याच हाताला शेजारचा नॉझलचा दांडाही हलवायचाय. घाईत एकाऐवजी दुसरा धरला तर उंचीऐवजी झोताची दिशा बदलते. जमीन १५ मीटरवर.

आता ते पान. कमी वेगात वारा तिरका आला तर दोन गोष्टी होतात. इंजिन पुढच्या तोंडांनी प्रचंड हवा गिळत असतं आणि ती तोंडं गुरुत्वमध्याच्या पुढं आहेत, त्यामुळं नाक वाऱ्यापासून आणखी दूर ओढलं जातं. दुसरं म्हणजे पंख मागं कललेले, त्यामुळं वाऱ्याकडच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान कुशीवर वळू लागतं. एका हद्दीपलीकडं पंखटोकांच्या पफरांचा जोर त्यापुढं टिकत नाही. मग सेकंदाच्या हिशेबात विमान उलटं. सुरुवातीच्या काळात यात जीव गेले. त्यावरचा उपाय काय, तर काचेसमोर पान, आणि पेडल मारून ते सतत आपल्याकडं रोखलेलं ठेवायचं.

१९६० च्या २१ ऑक्टोबरला याचा पूर्वज पी.११२७ पहिल्यांदा जमिनीवरून उचलला गेला, डन्सफोल्डला, दोरखंडांनी बांधलेला. वैमानिक बिल बेडफर्ड, पाय प्लास्टरमध्ये! दोरी तोडून मोकळं सोडलं तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं हे विमान उडवणं म्हणजे निवडक लोकांची कला राहिली. अमेरिकी मरीन कोअरनं घेतलेल्या पहिल्या पिढीच्या एव्ही-८ए विमानांतली निम्म्याहून जास्त अपघातांत गेली. आपल्या नौदलानं तीसेक घेतली, त्यांचीही कथा तीच.

मग इंग्रजांनी एक छान उद्योग केला. १९६९ साली पहिल्यांदा उडालेलं एक दोन आसनी हॅरियर, क्रमांक एक्सडब्ल्यू१७५, बेडफर्ड नावाच्या गावच्या संशोधन केंद्रात घेतलं आणि त्याची प्रयोगशाळा केली. नाव व्हॅक हॅरियर. पुढच्या आसनावर सुरक्षा-वैमानिक, त्याच्याकडं मूळचे यांत्रिक दांडे. मागच्या आसनावर प्रयोग करणारा, त्याच्या दांड्यांचा आणि विमानाचा संबंध फक्त संगणकामार्फत. म्हणजे मागच्या दांड्यांचा अर्थ काय, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं ठरवायचं. आज एक अर्थ, उद्या दुसरा. पटलं नाही किंवा बिनसलं की पुढच्यानं ताबा घ्यायचा.

त्यातून जी पद्धत निघाली तिचं नाव युनिफाईड. कल्पना एका ओळीची आहे : उजवा हात कायम वर-खाली (आणि डावी-उजवी), डावा हात कायम पुढं-मागं. वेग ५०० नॉट असो की शून्य, स्टिक ओढली की वर. नॉझल किती अंशांवर आहे हे वैमानिकानं बघायचंच नाही. नॉझलचा दांडाच नाही. थोडक्यात, उडवणं सोपं केलं.

ऐकायला इतकं सरळ, की वाटतं यात वाद कसला? पण वाद झाला आणि चांगला जोरात झाला. विरोध करणारे कच्चे नव्हते. मुरलेले हॅरियरवालेच होते त्यात. त्यांचं म्हणणं : मी झोतावर उभा आहे, विमान किंचित मागं सरकतंय, माझा हात न विचारता स्टिक पुढं ढकलणार. वीस वर्षं तेच केलंय. तुमच्या पद्धतीत स्टिक पुढं म्हणजे *खाली*. तुम्ही मला डेकवर आपटणार.

शेवटी एफ-३५बी साठी, म्हणजे हॅरियरसारखंच उभं उतरणाऱ्या नव्या अमेरिकी विमानासाठी, युनिफाईडच घेतली. बरोबर केलं असं माझं मत. पण त्या म्हाताऱ्यांचा मुद्दा मला अजून सुटलेला नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मोरपंखी | शनिवार, रात्री १०:१५

वाचतेय. पानाचा फोटो टाका की.

---

उसातला ड्रोनवाला | शनिवार, रात्री ११:०२

दादा, जबरी. तुम्ही जे लिहिलंय ते आम्ही रोज करतो फक्त आमच्यात कुणी मरत नाही.

मी इस्लामपूर साइडला लग्नाचं आणि प्लॉटिंगचं शूटिंग करतो. आजकालचा कॅमेरा ड्रोन कुणालाही दहा मिनिटांत येतो. डावी कांडी वर-खाली, उजवी कांडी पुढं-मागं. सोडून दिलं की जागेवर थांबतो, वारा असला तरी. नवरदेवाच्या भावाच्या हातात दिला तरी चालतो (देत नाही).

पण हाच ड्रोन मॅन्युअलवर टाका. आता कांडी सोडली तर तो थांबत नाही, आहे त्या कोनात तिरका जात राहतो. थांबवायला उलटा कोन द्यायचा, मग सरळ करायचा, आणि हे करताना उंची पडते म्हणून डाव्या हातानं जोर वाढवायचा. तीन कामं एकदम. रेसिंगवाली पोरं हेच करतात आणि त्यांना तेच आवडतं. त्यांना साधा ड्रोन दिला तर म्हणतात हा ऐकत नाही.

म्हणजे तुमचं हॅरियर = मॅन्युअल मोड, एफ-३५ = कॅमेरा ड्रोन. बरोबर ना?

फक्त एक शंका. आमच्यात वर-खाली डाव्या हाताला आहे. त्यांनी उजव्याला का दिलं?

---

गलबत | शनिवार, रात्री ११:२०

अगदी बरोबर पकडलंत. डाव्या-उजव्याचं उत्तर : तुमचा ड्रोन जमिनीवरून उठतो तो झोतावरच, आयुष्यभर तिथंच राहतो. त्याला हेलिकॉप्टरची पद्धत चालते. एफ-३५बी तासभर साधं लढाऊ विमान असतं आणि शेवटची काही मिनिटं हेलिकॉप्टरसारखं. तासभराची सवय मोडायची की काही मिनिटांची, असा तो हिशेब.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ७:४०

लेख चांगला आहे, पण "सोपं केलं" हा शब्दच मला खटकतो. सोपं केलं की कुठंतरी लपवलं? नॉझल किती अंशावर आहे हे वैमानिकाला कळायलाच नको, हे मला तरी भयंकर वाटतं. गाडीचं इंजिन तापलंय आणि काटाच काढून टाकलाय, तसं. ज्या दिवशी संगणक बिघडेल त्या दिवशी काय?

(अवांतर : बुजगावण्याच्या लायकीचं यंत्र सर्वांत भरवशाचं असतं. त्याला वीज लागत नाही.)

---

दाबोळीचा निवृत्त | रविवार, सकाळी ९:१०

धागाकर्त्यांनी आमच्या जुन्या मैत्रिणीची आठवण काढली म्हणून लिहितो. मी देखभालीच्या बाजूचा, उडवणारा नव्हे.

हॅरियरच्या पोटात उघडून बघितलं की माणूस हसतो. ती चार नॉझल हवेच्या मोटरीनं फिरतात, आणि ती ताकद नॉझलपर्यंत जाते शाफ्ट आणि चेननं. होय, चेन. मोटारसायकलला असते त्याच जातीची, जरा बऱ्या घराण्यातली. वैमानिकाचा दांडा, मोटर, चेन, नॉझल. मधे कुणी विचार करणारा नाही. शंकासुर म्हणतात त्यात तथ्य आहे : बिघाड झाला तर तो *दिसायचा*. हात काळे व्हायचे, पण दिसायचा.

पण म्हणून वैमानिकाचं काम सोपं होतं असं नाही. १९८३ च्या १६ डिसेंबरला पहिली विमानं दाबोळीला उतरली. त्या ३०० स्क्वॉड्रनचे पहिले प्रमुख अरुण प्रकाश, पुढं नौदलप्रमुख झाले. आधी विक्रांत, मग १९८७ पासून विराट. उठताना डेकच्या टोकाच्या चढावरून उसळी घेऊन धावत उठायचं, विराटचा चढ १२ अंशांचा. त्यात फार कौशल्य लागत नाही असं वैमानिकच म्हणत. परत येणं ही खरी परीक्षा. जहाजाच्या डाव्या अंगाला येऊन, जहाजाच्याच वेगानं चालत, हवेत उभं राहायचं. मग तसंच आडवं सरकत डेकवर यायचं. मग खाली. जहाज पुढं चाललंय, वर-खाली होतंय, वारा डेकच्या इमारतीवरून गोल फिरून येतोय.

आणि आपल्याकडची उष्णता. इंग्लंडच्या थंड हवेसाठी बनलेलं इंजिन मे महिन्यातल्या अरबी समुद्रावर तोच जोर कसा देईल? हवा तापली की विरळ, विरळ की जोर कमी. झोतावर उभं राहताना इंजिनाचं तापमान हद्दीला भिडायचं. म्हणून इंजिनात पाणी फवारायची सोय, शुद्ध केलेलं पाणी, सुमारे दीड मिनिट पुरेल इतकंच. दीड मिनिटात उतरायचं. शिवाय वजन बेताचं लागायचं, म्हणजे इंधन जवळपास संपलेलं. आता बघा : इंधन संपत आलंय, पाणी संपत आलंय, तापमानाचा काटा, समोरचं पान, शेजारी जहाज, आणि डाव्या हाताला दोन दांडे. मी डेकवरून बघायचो तेव्हा त्यांचा आवाज इतका असायचा की छातीचा पिंजरा थरथरायचा. तरी प्रत्येक वेळी आमचं लक्ष चाकांवर. चाकं टेकली आणि आवाज एकदम पडला की सगळे श्वास सोडायचे. आवाज पडायलाच हवा होता. टेकल्यावर थ्रॉटल लगेच बंद नाही केलं तर बाईसाहेब पुन्हा उडी मारायच्या.

२०१६ च्या मेमध्ये दाबोळीला निरोप दिला. असो.

---

उसातला ड्रोनवाला | रविवार, सकाळी ९:३२

काका, दंडवत.

---

मोरपंखी | रविवार, सकाळी ९:४५

+१. काका, वेगळा धागा काढाच.

---

बंद वर्तुळ | रविवार, दुपारी १२:२५

कंट्रोल सिस्टिम हाच माझा धंदा (विमानांचा नाही, साखर कारखान्यांच्या बॉयलरचा, पण गणित तेच). दोन गोष्टी सांगतो.

पहिली. एफ-३५बी मध्ये संगणक *सोयीसाठी* नाही. हॅरियरमध्ये एकच इंजिन, चार नॉझल एकत्र फिरतात, माणसाला झेपतं. एफ-३५बी मध्ये वैमानिकाच्या पाठीमागं उभा बसवलेला पंखा आहे, लिफ्ट फॅन. मुख्य इंजिनाचा शाफ्ट क्लचमधून त्याला फिरवतो, सुमारे २९,००० अश्वशक्ती त्या शाफ्टवरून जाते. मागं इंजिनाची नळी तीन सांध्यांची, वळून खाली तोंड करते. शिवाय दोन्ही पंखांखाली एकेक छोटं नॉझल, कुशीवर कलू नये म्हणून. आता विमान दोन मीटर वर न्यायचंय. पंख्याचा आणि मागच्या नळीचा जोर नेमक्या प्रमाणात वाढला पाहिजे. पंखा जरा पुढं गेला की नाक वर, नळी पुढं गेली की नाक खाली. त्यात इंजिन जडशीळ, सांगितल्यावर सावकाश ऐकतं. म्हणून पंख्याच्या तोंडाशी झडपा, त्या चटकन हलतात आणि तोल धरतात. हे सगळं सेकंदाला कितीतरी वेळा. कुठला वैमानिक हातानं करणार? म्हणजे संगणक हवाच होता. एकदा तो मधे आलाच आहे, तर दांड्याचा अर्थ काय ठेवायचा हे आपल्या हातात. मग हॅरियरचाच गोंधळ पुन्हा कशाला रंगवायचा?

दुसरी, म्हाताऱ्यांच्या मुद्द्याची. कोकणातली माणसं इथं बरीच आहेत म्हणून विचारतो : होडीच्या मागच्या इंजिनाचा दांडा डावीकडं ढकलला की होडी कुठं जाते? उजवीकडं. ज्याचं आयुष्य त्यात गेलं त्याला गाडीचं चाक द्या, पहिल्या वळणावर गोंधळेल. पण म्हणून गाडीला होडीचा दांडा लावायचा का? हॅरियरवाले मोजके होते. एफ-३५बी वर येणारे बहुतेक जण हॅरियरला कधी शिवलेले नसणार. त्यांचे हात साध्या लढाऊ विमानावर तयार झालेले, आणि त्या हातांना ओढलं की वर एवढंच माहीत. व्हॅकवर असे बरेच पाहुणे बसवले गेले, हॅरियर कधीच न उडवलेले, आणि त्यांना हवेत स्थिर राहणं लगेच जमलं. जुन्यांना जुनं विसरायला जास्त वेळ लागला.

थोडक्यात हा वाद तंत्राचा नव्हताच. कुणाच्या सवयीला मान द्यायचा, एवढाच होता.

---

शंकासुर | रविवार, दुपारी १:०५

पटलं, अर्धं. मग हे सांगा. २०२३ च्या सप्टेंबरात दक्षिण कॅरोलायनात काय झालं? वैमानिक पाऊस-ढगांत उतरायला येत होता, विमान उभ्या उतरण्याच्या रूपात बदलत होतं, आणि त्याचे पडदे, हेल्मेटमधलं चित्र, सगळं लुकलुकायला लागलं. त्यानं आसन उडवून उडी मारली. आणि विमान? ते ११ मिनिटं २१ सेकंद एकटंच उडत राहिलं! सुमारे ६४ सागरी मैल जाऊन पडलं. चौकशीत म्हटलं की विमान उडण्याजोगं होतं, उडी चुकीची होती.

मी म्हणतो चूक त्या माणसाची कशी? विमान काय करतंय हे त्याला हातांतून कळतच नव्हतं. पडदा गेला की संपलं. हॅरियरवाल्याला पडदा गेला तरी दांडा कुठं आहे हे तळहाताला कळलं असतं.

---

बंद वर्तुळ | रविवार, दुपारी १:४०

हा मात्र चांगला टोला आहे. मान्य.

फक्त एक जोडतो : एकटं ११ मिनिटं उडालं हा त्या नियंत्रण पद्धतीचा दोष नाही, जरा जास्तच गुण आहे. हॅरियर सोडून दिलं असतं तर असं स्वतःला सावरत गेलं नसतं. पण तुमचा मुद्दा राहतोच. विमानाला सगळं ठाऊक होतं आणि माणसाला काहीच नाही. बॉयलरवरही हे होतं. ऑटोवर सहा महिने उत्तम चालतो, सातव्या महिन्यात मॅन्युअलवर घ्यायची वेळ येते तेव्हा ऑपरेटरला कुठला व्हॉल्व्ह किती उघडा आहे हेच माहीत नसतं. एकदा माझ्याच हातून पाण्याची पातळी अशी घसरली होती की आजही तो अलार्म झोपेत ऐकू येतो.

---

गलबत | रविवार, दुपारी ३:३०

काय सुंदर चर्चा चाललीय. शंकासुरांना थोडं उत्तर, थोडी भर.

संगणक बिघडला तर काय, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची किंमत जर्मनांनी फार लवकर मोजली. व्हीजे १०१सी नावाचं त्यांचं उभं उठणारं विमान १९६४ च्या सप्टेंबरात कोसळलं. कारण? कलण्याची गती मोजणारा जायरो उलटा जोडलेला. विमान डावीकडं कललं की यंत्रणेला वाटायचं उजवीकडं, आणि ती सावरायच्या नावाखाली आणखी डावीकडं ढकलायची. वैमानिक वाचला.

आणि झोतावर उभं असताना काही बिघडलं तर माणसाला विचार करायला वेळच नसतो. एफ-३५बी चा पुढचा पंखा अचानक थांबला तर नाक इतक्या झपाट्यानं पडेल की आसन उडवायच्या हँडलपर्यंत हात जाणार नाही. म्हणून त्या अवस्थेत विमानच ठरवतं आणि वैमानिकाला बाहेर फेकतं. ही कल्पना मूळची रशियनांची, याक-३८ वर. त्याला उभं राहायला दोन वेगळी छोटी इंजिनं होती, त्यातलं एक बंद पडलं की विमान उलटलंच. म्हणून आपोआप उडणारं आसन. म्हणजे "सोपं" करण्याची एक टोकाची तऱ्हा हीपण : शेवटचा निर्णयही तुमच्याकडं नको.

---

दाबोळीचा निवृत्त | रविवार, दुपारी ४:१५

याकचा विषय निघालाच आहे तर. याक-१४१ नावाचं त्यांचं पुढचं विमान ५ ऑक्टोबर १९९१ ला जहाजावर जोरात आपटलं, टाकी फुटली, आग लागली. जहाज कुठलं? ॲडमिरल गोर्शकोव्ह. तेच जहाज पुढं आपण घेतलं, पुढचा भाग सोलून उसळीचा चढ बांधला, आणि २०१३ पासून ते विक्रमादित्य म्हणून आपल्याकडं आहे. त्यावर आता मिग-२९के तारेला अडकून उतरतात, उभं कुणी उतरत नाही. कारवारला कधी लांबून दिसलं तर लक्षात ठेवा, त्या डेकनं काय काय बघितलंय.

---

नाखवा अर्धवेळ | रविवार, संध्याकाळी ६:५०

होडीचा दाखला आमच्याच घरातला. वडलांनी वयाच्या साठाव्या वर्षी स्कूटी शिकायची ठरवली होती. पुढचं सांगत नाही.

एक बाळबोध प्रश्न : संगणक एवढा हुशार तर माणूस मधे कशाला? बटण दाबा, उतरा.

---

गलबत | रविवार, संध्याकाळी ७:३०

नाखवा, झालंय तेपण. त्याच व्हॅक हॅरियरनं २००५ साली इन्व्हिन्सिबल जहाजावर आपोआप उतरून दाखवलं. आणि त्याच विमानावर आणखी एका प्रकाराचे प्रयोग झाले, तो मला आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. दाबोळीच्या काकांनी उष्णतेचं लिहिलंय ना? उभं उतरायचं तर वजन बेताचं लागतं, म्हणजे न वापरलेली महागडी शस्त्रं समुद्रात टाका. त्यावर उपाय असा की पूर्ण थांबायचंच नाही, थोडा वेग ठेवून जरा पंखांवर, जरा झोतावर असं डेकवर घरंगळत उतरायचं. पंख वजनाचा वाटा उचलतात. २०१८ च्या ऑक्टोबरात पीटर विल्सन यांनी क्वीन एलिझाबेथ जहाजावर एफ-३५बी असं उतरवलं. हॅरियरच्या तीन दांड्यांनी हलत्या डेकवर हे रोज करायचं म्हटलं असतं तर कुणी परवानगी दिली नसती. सोपेपणाचा फायदा तिथं खरा दिसतो. वैमानिकाचं डोकं तोल सांभाळण्यातून मोकळं झालं म्हणून ते डेकवरच्या एका बिंदूकडं लावता आलं.

आणि एफ-३५बी पहिल्यांदा उभं उतरलं १८ मार्च २०१० ला, पॅटक्सन्ट रिव्हरला. वैमानिक ग्रॅहम टॉमलिन्सन. जुना हॅरियरवालाच! म्हणजे हात विसरतात, वेळ लागतो एवढंच. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथं मिळालं.

---

शंकासुर | रविवार, रात्री ८:०५

निम्म्यावर निम्मं पटत गेलो तर पूर्ण कधीच पटणार नाही, हे गणित बंद वर्तुळ सांगतीलच. पण डोकं मोकळं होण्याचा मुद्दा मान्य. पान मात्र ठेवायला हवं होतं.

---

उसातला ड्रोनवाला | सोमवार, रात्री ९:४०

काल हा धागा वाचून डोक्यात किडा गेला. आज एक जुना ड्रोन घेऊन मळ्यात गेलो आणि मॅन्युअलवर टाकला. पहिलं एक मिनिट राजा. मग वारा तिरका आला, तो मागं सरकायला लागला, आणि माझा हात आपोआप कांडी सोडून मोकळा. रोजची सवय, सोडलं की थांबतो. थांबला नाही. तिरका जात जात वांगमळ्यावरून पलीकडच्या उसात.

ऊस बारा फूट उभा आहे. दोन तास शोधला. आता तोड आल्यावरच सापडेल.

---

दाबोळीचा निवृत्त | सोमवार, रात्री १०:०५

सापडला की नाकावर लोकरीचा एक धागा चिकटव, वीतभर. कॅमेऱ्यात दिसेल असा. तो सरळ तुझ्याकडं आला पाहिजे. आडवा झाला की आधी नाक वाऱ्याकडं, मग बाकीचं.